अमेरिकन क्रांती घरी शिकवताना: जॉनी, सॅम की इझाबेल?

अमेरिकेत मुलांना घरीच शिकवणारे पालक स्वातंत्र्ययुद्धासाठी कादंबरी शोधू लागले, की बहुधा एस्थर फोर्ब्स यांची ‘जॉनी ट्रेमेन’ (१९४३) प्रथम हाती येते. बॉस्टनमध्ये चांदीची भांडी घडवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करणारा जॉनी, रविवारी कामाला बंदी असतानाही, श्रीमंत जॉन हॅन्कॉकचे काम उरकू पाहतो. मूस तडकते, भट्टीवर सांडलेल्या चांदीत त्याचा हात पडतो आणि अंगठा तळव्याला चिकटतो. कारागिरांचे शहर इतक्या जवळून क्वचितच दिसते. मात्र महायुद्धाच्या काळात लिहिलेल्या या कथेत बंडखोरांच्या बाजूविषयी फारशी शंका नाही आणि गुलामगिरी कडेलाच राहते. मराठी घरात एक जोड अवश्य द्यावी: ब्रिटिश कराच्या निषेधार्थ बॉस्टनकरांनी १६ डिसेंबर १७७३ रोजी बंदरात फेकलेल्या ३४२ पेट्यांतला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, आणि स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फोडणारी लेक्सिंग्टनची चकमक झाली त्याच १७७५ साली याच कंपनीशी मराठ्यांचे पहिले युद्ध सुरू झाले.

कोलियर बंधूंच्या ‘माय ब्रदर सॅम इज डेड’मध्ये (१९७४) कनेक्टिकटमधल्या खाणावळवाल्याचे घरच दुभंगते: वडील राजनिष्ठ, म्हणजे ब्रिटिश राजाच्या बाजूचे, थोरला सॅम बंडखोर सैन्यात, आणि अखेर गुरे चोरल्याच्या खोट्या आरोपावरून त्याला गोळी घालते ती त्याचीच फौज. खरे किती आणि कल्पित किती, हे लेखक शेवटी स्वतःच सांगतात; घरी शिकवणाऱ्याला ही पाने कादंबरीइतकीच मोलाची आहेत. काही मृत्यूंची वर्णने अंगावर येतात, म्हणून बाराव्या वर्षाआधी मी ही कादंबरी देणार नाही.

लॉरी हॉल्स अँडरसन यांच्या ‘चेन्स’मधली (२००८) गुलाम इझाबेल १७७६ च्या न्यूयॉर्कमध्ये राजनिष्ठ मालकांकडे राबते, आणि स्वातंत्र्याच्या घोषणा देणारेही तिला मुक्त करत नाहीत. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी त्या काळातला खरा उतारा असतो. तो कोणी, कधी आणि कोणासाठी लिहिला हे मुलाने वहीत टिपले, तर मूळ साधने वाचण्याची सवय लागते.

एकच घ्यायची असेल आणि मूल बारा वर्षांचे असेल, तर मी ‘चेन्स’ घेईन; दहाव्या वर्षी ‘जॉनी ट्रेमेन’ मोठ्याने वाचून दाखवावी, थांबत थांबत. तिन्हींत मूळ रहिवासी मात्र जवळजवळ नाहीतच. चहा फेकणाऱ्यांनी मोहॉक या मूळ रहिवासी जमातीचे सोंग घेतले होते. खरे मोहॉक त्या वेळी कुठे राहत होते, हे नकाशावर वेगळे दाखवावे लागेल.