कूलंट गटारात न ओतणारे मिस्त्री

मी जनावरांची डॉक्टर. कळे, बाजारभोगाव, साळवण ही माझी रोजची वाट, आणि गाडी पल्सर एनएस २००. एप्रिलमध्ये वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला की मीटरवरचा तापमानाचा लाल दिवा पेटायला लागला. कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबले तर रेडिएटरचा पंखा बंदच व्हायचा नाही. आमच्या दवाखान्यातल्या परिचरानं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला एक गाळा सांगितला. लेथच्या वर्कशॉपला लागून, निळं शटर, पाटी नाही.

मिस्त्रींनी त्या संध्याकाळी गाडीला हातच लावला नाही. "मॅडम, इंजिन तापलंय. आत्ता झाकण काढलं तर उकळतं पाणी तोंडावर येतंय. गाडी रातभर हितंच ऱ्हाऊ दे." मला तिथंच भरवसा वाटला. दाबाखालचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, रेडिएटरचं झाकण फिरवल्याबरोबर उसळतं, आणि घाईत भाजून घेणारे कमी नाहीत.

सकाळी झाकण काढलं तर आत तांबूस गढूळ पाणी. आधीच्या एका गॅरेजमध्ये कमी झालेलं कूलंट बोअरच्या पाण्यानं भरून दिलं होतं, आणि मीही तेव्हा काही विचारलं नव्हतं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तापल्यावर आतून थर धरतात. चहाच्या पातेल्याला धरतात तसेच. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तो थर बसला की उष्णता बाहेर जायची वाटच अडते.

मिस्त्रींनी वॉटर पंपाजवळचा ड्रेन बोल्ट काढून सगळं कूलंट घमेल्यात घेतलं. मग डिस्टिल्ड वॉटर भरायचं, इंजिन चालवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, काढायचं. असं दोनदा. दुसऱ्या वेळी पाणी स्वच्छ आलं. बोल्टखालचा तांब्याचा वॉशर नवा घातला. या सगळ्यात दुपारचे चार वाजले. बसायला एक लोखंडी स्टूल आहे तेवढंच, पण गार होऊ द्यायचा वेळ त्यांनी कुठंही कापला नाही.

कूलंट कुठलं घालायचं यावर आम्ही बराच वेळ बोललो. हिरवं, लाल, निळं या रंगावरून काही ठरत नाही. रंग कंपनी आपल्या मर्जीनं घालते, त्यामुळं लेबल वाचायला पाहिजे. त्यांनी मोटारींचं घट्ट, पाणी मिसळून वापरायचं कूलंट बाजूला ठेवलं आणि मोटुलचं मोटोकूल एक्सपर्ट काढलं. ते तयार मिळतं, पाणी मिसळावं लागत नाही. बाटलीवर उणे ३७ अंश लिहिलंय, म्हणजे तोवर ते गोठत नाही. कोल्हापुरात बर्फ कुठला, असं कुणी म्हणेल. पण कूलंटमधलं मुख्य रसायन, ग्लायकॉल, पाण्याचा उकळबिंदूही वर नेतं. निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, आणि झाकणाच्या दाबाखाली आणखी वर. शिवाय त्यातली रसायनं ॲल्युमिनियमला गंजू देत नाहीत, ते साध्या पाण्याला जमत नाही. घट्ट कूलंट आणलंच तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको.

भरताना ते हळूहळू ओतत होते. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, गाडी दोन्ही बाजूंना कलती केली, रबरी होज दाबला, तसे बुडबुडे वर आले. आत हवा अडकली तर नवं कूलंट घालूनही गाडी तापते. पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला तेव्हाच त्यांनी झाकण लावलं.

आता मी हे लिहायला का बसले ते सांगते. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री ते चाटून पितात. दहा किलोच्या कुत्र्याचा जीव जायला ५० मिलीच्या आसपास शुद्ध ग्लायकॉल पुरतं. मांजराला त्याहून कितीतरी कमी. यकृतात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, आणि कॅल्शियमबरोबर त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. पहिले काही तास जनावर झोकांड्या खातं, मग जरा सावरल्यासारखं दिसतं, आणि मालक निर्धास्त होतो. नंतर लघवी बंद होते. माझ्याकडं असं एक कुत्रं तिसऱ्या दिवशी आलं होतं. ते वाचलं नाही. माझ्या बॅगेत प्रोपिलीन ग्लायकॉलची बाटली कायम असते. व्यालेल्या गाईला किटोसिस, म्हणजे अंगातली ताकद कमी पडून होणारा आजार, झाला की आम्ही ते पाजतो. नावं इतकी जवळची, पण एक औषध आणि दुसरं विष.

म्हणून घमेलं भरलं तसं माझं लक्ष गटाराकडं गेलं. मिस्त्रींनी ते कूलंट नरसाळ्यानं कॅनमध्ये ओतलं, बूच घट्ट लावलं आणि कॅन फळीवर चढवला. जळकं ऑइल नेणारा माणूस तो वेगळा घेऊन जातो म्हणाले. फरशीवर सांडलेल्या थेंबांवर भुसा टाकून पुसलं, वर पाणी मारलं. शटरजवळ त्यांची तांबडी कुत्री पिल्लांसकट झोपली होती. मी काही सांगायच्या आधीच हे सगळं झालेलं होतं.

मजुरी ३५० रुपये, बाटल्यांचे छापील किमतीप्रमाणे वेगळे. मी दोन घेतल्या, उरलेलं कूलंट घरी वरच्या कपाटात बंद आहे. दुसऱ्या दिवशी गार गाडीत रिझर्व टाकी बघितली तर पातळी बोटभर उतरली होती, ती खुणेपर्यंत भरली. त्यानंतर पन्हाळ्याला चारदा जाऊन आले, दिवा लागला नाही.

गाळा सोमवारी बंद असतो. गाडी आदल्या संध्याकाळीच नेऊन ठेवा, म्हणजे सकाळी इंजिन गार मिळेल.