जुळ्याच्या जनुकाची चाचणी : ३० महिन्यांनंतर

मेंढा कसा निवडायचा हे मी आबांकडून शिकलो. दात बघायचे, पाठ लांब हवी, छाती रुंद हवी, आणि बरोबरीच्या कोकरांत जे सगळ्यात थोराड असेल ते ठेवायचं. आमच्या वाड्यात, म्हणजे मेंढरांच्या तळावर, हेच चालत आलं. त्यातली मेख मला फार उशिरा कळली. सगळ्यात थोराड कोकरू बहुतेक वेळा एकटं जन्मलेलं असतं, आईचं सगळं दूध त्याच्या एकट्याच्या पोटात गेलेलं असतं. म्हणजे जुळं देणारं रक्त कळपात कधी आलंच असेल, तर ते आम्ही आमच्याच हातानं लोणंदच्या बाजारात नेऊन विकलं.

दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते, जुळं क्वचित. पण सुंदरबनातली गॅरोल मेंढी, जेमतेम १२-१५ किलोची, सर्रास दोन-तीन पिल्लं देते. त्यामागे एकच जनुक आहे, फेक-बी. त्यातलं ‘बी’ म्हणजे बुरूला, ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढीफार्मचं नाव. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजानं गेलेल्या बंगाली मेंढ्यांचं रक्त तिथल्या मेरिनो जातीच्या मेंढ्यांत उतरलं असं मानतात. नेमका बदल सापडला २००१ मध्ये: फेक-बी म्हणजे बीएमपीआर-वन-बी या जनुकातलं एक अक्षर बदललेलं, बस. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गॅरोलमधलं हे जनुक दख्खनीत आणलं आणि मग पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर केला, म्हणजे जनुक राहील आणि गॅरोलचा बुटकेपणा जाईल. ‘नारी सुवर्णा’ ती हीच. कोणत्या कोकरात जनुक आलंय हे रक्ताच्या चाचणीवरून कळायला लागलं, त्यानं हे काम सोपं झालं. नराच्या अंगावर हा गुण दिसतच नाही, आणि त्याच्या लेकी व्यायची वाट बघायची तर दोन वर्षं जातात.

चाचणीचा निकाल तीन प्रकारचा येतो. ‘बीबी’ म्हणजे आई-बाप दोघांकडून जनुक आलं, ‘बी प्लस’ म्हणजे एकाकडून, ‘प्लस प्लस’ म्हणजे नाहीच. नवख्यानं एवढं ध्यानात ठेवावं: नर बीबी असला की साध्या मेंढ्यांपासून झालेली त्याची सगळी कोकरं बी प्लस निघतात, त्यांची चाचणी करायची गरजच नाही. नर बी प्लस असला तर निम्म्यांना मिळतं, निम्म्यांना नाही, आणि मग प्रत्येकाचं रक्त काढत बसा. मी पहिला नर बीबी घेतला. महाग पडला, पण पुढचा खर्च वाचला. मादीत दुसऱ्या प्रतीनं दख्खनी रक्तात फार काही वाढत नाही, त्यामुळे माद्या बी प्लस असल्या तरी पुरतं.

रक्त मानेच्या शिरेतून, जांभळ्या झाकणाच्या नळीत. पहिल्या खेपेला माझ्या चार नळ्या वाया गेल्या, कारण रक्त भरल्यावर नळी हलक्या हातानं उलटसुलट करायची असते हे मला माहीत नव्हतं, रक्त साकळलं. ती चूक माझी. पण दुसऱ्या खेपेला प्रयोगशाळेनं निकाल द्यायला जवळजवळ दोन महिने लावले, तेवढ्यात कानात नंबराचा बिल्ला मारलेली दोन कोकरं बाभळीत कान फाडून आली. बिल्ला गेला की निकालाचा कागद नुसता कागद. आता मी दोन्ही कानांत बिल्ले मारतो आणि वहीत आईचा नंबर लिहितो.

चाचणीचे पैसे वसूल झाले ते दुसऱ्या नराच्या वेळी. एका व्यापाऱ्यानं “डबल जीनचा आहे, लिहून देतो” म्हणून देखणा मेंढा गळ्यात मारला. आबा खूष, मीही. सवयीनं रक्त पाठवलं. निकाल प्लस प्लस. व्यापारी फोन उचलेना. आबा म्हणाले, “मग बकरं बघून घ्यायचं का चिठ्ठी बघून?” मी म्हटलं, “दोन्ही बघून, आबा.” ते काही बोलले नाहीत, पण तो मेंढा कळपात सोडला नाही.

आता आकडे. पहिल्या नराच्या १४ लेकी गेल्या हंगामात पहिल्यांदा व्याल्या. एकीला तिळं, सहा जणींना जुळं, सात जणींना एकेक. एकूण २२ कोकरं, तीन महिन्यांवर जगली १८. त्याच हंगामात जुन्या ३६ दख्खनी मेंढ्यांना ३७ कोकरं झाली, जगली ३४. मेंढीमागे हिशेब केला तर फायदा उघड आहे, पण जुळ्यांतली तीन आणि तिळ्यातलं सगळ्यात बारकं गेलं, ते या हिशेबात धरूनच बोलावं. जुळी तीन महिन्यांना नऊ-दहा किलोची होती, एकटी तेरा-चौदाची. व्यापारी नगावर भाव करतो, तेव्हा जुळ्यांना कमीच बोलतो.

जनुकानं पिल्लं वाढतात, दूध वाढत नाही. हे मला कुणी आधी ठासून सांगायला हवं होतं. पोटातल्या पिल्लाचं बहुतेक वजन शेवटच्या सहा आठवड्यांत भरतं, तेव्हा नुसत्या चराईवर दोन जीव भागत नाहीत. एक मेंढी व्यायच्या आठवडाभर आधी खायची थांबली, मान टाकून बसली. पशुवैद्य म्हणाले, पोटात जास्त पिल्लं आणि खुराक कमी. ती वाचली, पण दोन्ही पिल्लं मेलेली आली. तेव्हापासून शेवटच्या दीड महिन्यात मक्याचा भरडा आणि शेंगदाणा पेंड मिळून रोज पाव किलो देतो. जुळं झालं की अशक्त कोकराला आधी धरून चीक पाजतो, मग जोडी आईसकट तीन दिवस वेगळ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात. दूध कमी पडलं तर घरची शेळी आहे.

माझा चुलतभाऊ दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणात उतरतो. त्यानं नर मागितला, मी दिला नाही. रोजच्या मजलीत आधीच घोड्यावर कोकरं लादलेली असतात, तिथं दुप्पट कोकरं कोण सांभाळणार आणि खुराक कुठून आणणार? तो अजून रागावलेला आहे. ज्याच्या मेंढ्या संध्याकाळी घरी येतात आणि घरात हाताशी माणूस आहे, त्यानं मात्र करून बघावं.

पुढच्या वेताला बी प्लस लेकींना नात्यात नसलेला बीबी नर लावला, त्याची कोकरं आता आलीत. त्यांची निम्मी कोकरं बीबी निघतील, निम्मी बी प्लस, त्यामुळे या खेपेला नर कोकरांचीच रक्तं काढायची. त्या नर कोकरांतली सहा वेगळी काढलीत. यंदा वजन मोजताना जुळ्यातल्याची तुलना जुळ्याशीच करतोय, एकट्याशी नाही. आबांनी सहांतलं एक आधीच हेरून ठेवलंय. नळ्या गुरुवारी जातील.