गाडीत वायरलेस संच बसवून घेताना झालेली माझी फसवणूक

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा माझी थोरली बहीण आणि तिचे वृद्ध सासरे बाजारपेठेजवळच्या घरात वरच्या मजल्यावर अडकले होते. वीज गेली होती, मोबाइलला रेंज नव्हती, आणि पुण्यात बसून मला दीड दिवस त्यांचा काहीही ठावठिकाणा लागला नाही. त्यानंतर मी हौशी रेडिओचा, म्हणजे मोबाइलच्या जाळ्याविना छंद म्हणून वायरलेसवर बोलण्याच्या 'हॅम' रेडिओचा, अभ्यास केला, दूरसंचार विभागाची परीक्षा दिली आणि रीतसर परवाना व कॉल साइन (वायरलेसवरील माझी ओळखखूण) मिळवली. पुणे ते चिपळूण हा प्रवास मला वर्षातून आठ-दहा वेळा करावा लागतो, त्यामुळे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारा एक संच गाडीत कायमचा असावा असे मी ठरवले. संच मी परवाना दाखवून, पक्क्या बिलावर घेतला आणि त्यात मला कोणी फसवले नाही. फसवणूक झाली ती तो गाडीत बसवून घेताना, आणि ती पैशांपुरती राहिली नाही. आम्ही चौघे त्या दिवशी घाटात होरपळलो असतो.

गाडीच्या विजेच्या कामाला मी स्वतः हात घालत नाही. पुण्यातील एका कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात म्युझिक सिस्टिम आणि रिव्हर्स कॅमेरे बसवतात, आणि 'टॅक्सी कंपन्यांचे वायरलेस आम्हीच बसवतो' असे तेथील मालकांनी मला सांगितले. त्यांनी काम समजावून सांगितले तेही बरोबर शब्दांत: बॅटरीपासून थेट शुद्ध तांब्याची चार स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीजवळ फ्यूज, पत्र्यातून वायर आत घेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेपासून वायर वाचवणारी कडी), आणि डिकीच्या झाकणाच्या कडेवर अँटेनाचे माउंट. सगळे मिळून साडेनऊ हजार रुपये ठरले. जो माणूस शब्द इतके अचूक वापरतो तो कामही तसेच करील असे मी मानले, आणि येथेच माझी पहिली चूक झाली.

दुसरी चूक अशी की मी समोर उभा राहिलो नाही. 'सर, डॅशबोर्ड उघडायला वेळ लागतो, तीन तासांनी या,' असे ते म्हणाले आणि मी घरी गेलो. परत आलो तेव्हा सगळी झाकणे, ट्रिम आणि पायपुसणी जागच्या जागी होती. त्यांनी माझ्यासमोर एसडब्ल्यूआर मीटर जोडून दाखवला, संचाचे बटण दाबले, आणि काटा १.२ च्या आसपास थांबला. अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत येते याचा अंदाज या मापावरून येतो. आकडा १.५ च्या आत असेल तर काम उत्तम, २ असेल तर सुमारे ११ टक्के आणि ३ असेल तर २५ टक्के शक्ती परत फिरते. १.२ पाहून मी समाधानाने पैसे दिले आणि वहीच्या कागदावर लिहिलेली कच्ची पावती खिशात घातली.

संचासोबत खोक्यात कंपनीची जाड लाल-काळी केबल आली होती, आणि तिच्या दोन्ही तारांवर बॅटरीकडच्या टोकाला फ्यूज होते. ती कोठे आहे असे मी विचारले, तेव्हा 'ती तुमच्या गाडीला आखूड पडत होती, आम्ही त्यापेक्षा भारी टाकली आहे,' असे उत्तर मिळाले. ती केबल मला परत दिली नाही आणि मीही ती मागण्याचा आग्रह धरला नाही.

पहिल्या महिन्यात दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे पुण्याजवळच्या डोंगरावरील रिपीटर (आलेला संदेश पुन्हा दूरवर प्रक्षेपित करणारे केंद्र) माझ्या हातातल्या पाच वॅटच्या संचावरून जितका स्वच्छ पकडता येत असे, तितकाही तो गाडीतल्या मोठ्या संचावरून पकडता येईना. दुसरी म्हणजे बोलण्यासाठी बटण दाबले की संचाच्या पडद्याचा उजेड मंद होई. बटण दाबताच व्होल्टेज कोसळते याची ती सरळ खूण होती. ती मला कळायला हवी होती, पण दुकानात पाहिलेला १.२ हा आकडा डोक्यात इतका पक्का बसला होता की मी दोष संचाला देत राहिलो.

ऑक्टोबरमध्ये कराड, पाटण, कोयनानगर या मार्गाने आम्ही चिपळूणला निघालो. गाडीत माझी पत्नी, मुलगा आणि सासूबाई होत्या. कुंभार्ली घाट उतरत असताना प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. संच त्या वेळी बंद होता, म्हणून मला प्रथम ब्रेक तापल्याची शंका आली. पुढच्या वळणावर पत्नीच्या पायाशी असलेल्या पायपुसणीखालून धूर निघाला. मी गाडी कडेला घेतली, सर्वांना खाली उतरवले, इंजिन बंद केले, आणि तरीही धूर थांबेना. थांबणार कसा? ती वायर थेट बॅटरीवर होती, किल्लीशी तिचा काही संबंध नव्हता. डिकीतील पेटीतून दहा नंबरचा पाना काढून बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवेपर्यंत जी दोन-तीन मिनिटे गेली, ती मी विसरू शकत नाही. टर्मिनल सुटले तेव्हा धूर ओसरला. गालिच्याला हाताच्या पंजाएवढे भोक पडले होते.

पोफळीहून एक अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन दुचाकीवरून आले. त्यांनी वाकून पाहिले आणि एवढेच म्हणाले, 'काका, ह्या वायरला फ्यूजच नाय. आता गाडीत हे काहीच ठेवू नका.' त्यांनी ती वायर दोन्हीकडून कापून बाहेर काढली, टोके टेपने बंद केली, आणि आम्ही चिपळूणला पोचलो. पुढे पुण्यात एका जाणकार हॅम मित्रासमवेत आम्ही सगळी ट्रिम उघडली, तेव्हा काय काय झाकले होते ते एकेक करून दिसले.

फ्यूज होता, पण तो डॅशबोर्डच्या मागे, संचाजवळ होता. हे अनेकांना किरकोळ वाटेल, म्हणून सविस्तर लिहितो. फ्यूज संचाला वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. प्रत्यक्षात बॅटरीजवळचा फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. गाडीची बॅटरी शॉर्ट झाल्यास काही शे अँपिअर प्रवाह देऊ शकते, आणि फ्यूज वायरच्या दुसऱ्या टोकाला असेल तर मधल्या दोन-तीन मीटर वायरला कोणतेही संरक्षण उरत नाही. माझ्या गाडीत हीच मधली वायर इंजिनाच्या बाजूने आत येताना पत्र्यातील उघड्या भोकातून ओढली होती. ग्रोमेट नव्हते. पत्र्याची धार आणि इंजिनाचा हादरा यांनी दोन महिन्यांत वायरचे आवरण कापले, तांबूस तार पत्र्याला टेकली, आणि उरलेले घाटात घडले. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत योग्य अँपिअरचा फ्यूज असता, तर तो क्षणात उडाला असता आणि मला केवळ संच बंद पडल्याचे कळले असते.

'तांबूस' हा शब्द मी विचारपूर्वक लिहिला आहे, कारण ती वायर तांब्याची नव्हतीच. मित्राने तिचा एक बारीक तंतू ब्लेडने खरवडला, तर वरचा लाल थर निघून आत पांढरी, चांदीसारखी तार दिसली. ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर होती. लायटरच्या ज्योतीत धरल्यावर तांब्याचा तंतू लाल होतो पण टिकतो. हा वितळून तुटला. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, आणि वरचे रबरी आवरण जाड असल्यामुळे जी वायर चार स्क्वेअर एमएमची भासत होती, तिच्यातील प्रत्यक्ष धातू जेमतेम एक स्क्वेअर एमएमचा असावा. तिचा एक तुकडा बाजूला ठेवला होता. आम्ही इंजिन सुरू ठेवून, योग्य फ्यूज लावून, डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या, शक्ती शोषून घेणाऱ्या उपकरणावर) चाचणी घेतली: संचाच्या टोकाला ऐकताना १३.६ व्होल्ट होते आणि बटण दाबताच ते १०.९ वर आले. गाडीत बसवायचे बहुतेक वायरलेस संच १३.८ व्होल्टच्या वरखाली १५ टक्क्यांपर्यंत चालतात, म्हणजे ११.७ च्या खाली त्यांची हमी नाही. नंतर चार स्क्वेअर एमएमची खरी तांब्याची वायर टाकून तीच चाचणी केली, तेव्हा घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहिली. घरगुती मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांना मिळतो, आणि ही चाचणी दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, दोन मिनिटांत करता येते.

अँटेनाचेही तसेच होते. माउंटचे बारीक स्क्रू रंगावरच टेकवलेले होते. हे स्क्रू रंग भेदून डिकीच्या पत्र्याला भिडले पाहिजेत, नाहीतर अँटेनाला खालून हवा असलेला धातूचा आधार मिळत नाही. संचाला जुळणारे खरे ५० ओहमचे केबल बदलून त्या जागी घरोघरी टीव्हीला वापरतात ते ७५ ओहमचे केबल होते, तेही मध्ये पीळ देऊन जोडलेले. मग १.२ कसे आले? मित्राने खुलासा केला. साध्या एका काट्याच्या मीटरवर प्रथम पुढे जाणाऱ्या शक्तीवर काटा पूर्ण टोकापर्यंत आणून ठेवावा लागतो, आणि मगच परतीचे माप घ्यायचे असते. ही पायरी वगळून संच सर्वांत कमी शक्तीवर ठेवला, तर काटा हलतच नाही आणि कोणतीही अँटेना उत्तम दिसते. दुकानदारांनी मला दाखवलेले माप हे अज्ञान होते की लबाडी, हे मी ठामपणे सांगू शकत नाही; परंतु कंपनीची केबल काढून घेणे आणि मुलाम्याची वायर शुद्ध तांब्याच्या भावाने विकणे यांत अज्ञानाला जागा नाही.

सर्वांत अधिक संताप मला आला तो पुढील गोष्टीचा. अँटेनाचे केबल त्यांनी पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून, पडदा एअरबॅगच्या वरून ओढले होते, आणि मायक्रोफोन अडकवण्याचा लोखंडी हूक पत्नी बसते त्या बाजूला, डॅशबोर्डमधील एअरबॅगच्या झाकणावर स्क्रूने बसवला होता. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. अपघात झाला असता, तर तो हूक आणि मायक्रोफोन तिच्या चेहऱ्यावर आदळला असता. एअरबॅगच्या वायरी बहुधा पिवळ्या आवरणात असतात. त्यांच्या आसपास कोणी हात घालत असेल तर काम थांबवावे. आता आमचा संच दोन पुढच्या आसनांमध्ये खाली आहे, केबल दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून मागे जाते, आणि मायक्रोफोन शेजारी बसणाऱ्याच्या हाताशी आहे. गाडी चालवताना मी तो उचलत नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरायच्या संपर्क साधनांचा वापर धोकादायक वाहनचालनात आणला आहे, आणि घाटात एका हाताने सुकाणू धरण्याचे समर्थन कायद्याविनाही होऊ शकत नाही. पेट्रोल पंपावर आणि जेथे सुरुंग लावण्याचे काम चालू आहे तेथे संच पूर्ण बंद ठेवतो, कारण विजेच्या डेटोनेटरजवळ प्रक्षेपण करणे जिवावर बेतू शकते.

त्याच दुकानात काचेच्या कपाटात हातातले वॉकीटॉकी संचही ठेवलेले होते आणि सहलीला जाणाऱ्या मुलांना ते 'लायसन्स लागत नाही' असे सांगून विकले जात होते. विनापरवाना सवलत ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झसारख्या ठरावीक पट्ट्यांतील कमी शक्तीच्या संचांना आहे, हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर लावता येणाऱ्या संचांना नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना याच कारणावरून नोटिसा दिल्या आणि मार्गदर्शक सूचना काढल्या. असा संच घेताना फ्रिक्वेन्सी आणि उपकरणाची सरकारी मान्यता लेखी मागावी.

मी दुकानदारांना कापलेली वायर, छायाचित्रे आणि मापे दाखवली. त्यांनी प्रथम 'तुम्ही बाहेर कोणाकडून तरी काम करून घेतले असेल' असे म्हटले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि लेखी नोटीस पाठवली, तेव्हा पाच हजार रुपये रोख परत मिळाले. कंपनीची केबल मिळाली नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही, पण माझ्या हातातील पावतीवर दुकानाचे नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही, 'वायरलेस फिटिंग' या दोन शब्दांपलीकडे कामाचे वर्णन नाही. वायरची जाडी, धातू, फ्यूजची जागा आणि माउंटचा प्रकार लिहिलेले पक्के बिल मी मागितले असते, तर आज माझी बाजू कितीतरी भक्कम असती.

हे दुकान मी आणखी दोघांना सुचवले होते. घाटातून परतल्यावर पुढच्याच रविवारी मी दोघांच्या घरी गेलो आणि त्यांच्या गाड्यांचे बॉनेट उघडले. एकाच्या गाडीत फ्यूज बॅटरीजवळ होता, केवळ वायर हलकी होती. दुसऱ्याच्या गाडीत फ्यूज डॅशबोर्डमागे, ग्रोमेट नाही, आणि पत्र्याच्या कडेला टेकलेल्या जागी लाल आवरण अर्धे झिजलेले होते. त्यांची मुलगी त्याच गाडीने रोज महाविद्यालयात जाते. मी तेथेच दहा नंबरचा पाना मागितला आणि ती वायर बॅटरीवरून सोडवली.