स्टॉकफिश : अनेक महिन्यांच्या वापरानंतर, त्याच्या शोधपद्धतीविषयी

गेल्या पावसाळ्यापासून स्टॉकफिश हे बुद्धिबळाचे इंजिन, म्हणजे चाली शोधून स्थितीचे मूल्यांकन करणारा संगणक-प्रोग्राम, माझ्या रोजच्या वापरात आहे. स्पर्धांतले माझे डाव तपासणे, शिकायला येणाऱ्या मुलांच्या डावांतील निसटलेल्या संधी शोधणे आणि डावाच्या अंतिम टप्प्यातील स्थितींचा अभ्यास करणे, ही त्याची मुख्य कामे. इंजिन विनामूल्य आहे, त्याचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सर्वांना खुला आहे आणि त्याच्या ताकदीविषयी वाद नाही; त्यामुळे ते घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्नच उरत नाही. मला लिहायचे आहे ते त्याच्या शोधपद्धतीविषयी, कारण ती थोडीफार समजून घेतल्यापासून याच इंजिनाचा मला पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक उपयोग होऊ लागला आहे.

बहुतेक जण पडद्यावरच्या ‘डेप्थ’ (शोधाची खोली) या आकड्यावर भिस्त ठेवतात. डेप्थ ३० दिसली, म्हणजे प्रत्येक शक्यता तीस चालींपर्यंत तपासून झाली, असा समज सर्रास आढळतो आणि तो खरा नाही. डावाच्या मध्यात एका स्थितीत सरासरी ३५ नियमबद्ध चाली असतात, आणि दर पायरीला हा गुणाकार वाढत गेला तर कोणताही संगणक थोड्याच पायऱ्यांत थकेल. अल्फा-बीटा छाटणीमुळे, म्हणजे निकाल बदलू न शकणाऱ्या फांद्या न तपासताच सोडून देण्यामुळे, हे ओझे हलके होते : सर्वोत्तम चाल प्रत्येक ठिकाणी आधी तपासली गेली, तर तपासायच्या स्थितींची संख्या जवळजवळ वर्गमुळाइतकी खाली येते, म्हणजे तेवढ्याच श्रमात सुमारे दुप्पट खोल पाहता येते. साहजिकच, चाली कोणत्या क्रमाने तपासायच्या यावर सारे अवलंबून राहते. आधीच्या शोधातून लक्षात ठेवलेली चाल, मग मोहरा मारणाऱ्या चाली, मग पूर्वी उपयोगी ठरलेल्या शांत चाली, असा साधारण क्रम असतो. या क्रमात मागे पडलेल्या चाली इंजिन मुद्दाम उथळ तपासते आणि त्यांतली एखादी अपेक्षेपेक्षा चांगली निघाली, तरच ती पुन्हा पूर्ण खोलीपर्यंत पाहते.

याचा थेट परिणाम वापरणाऱ्यावर होतो. उंट मूळ घरी मागे नेणे किंवा लगेच काहीही न मिळवता हत्तीचा बळी देणे, अशा चाली क्रमात मागे राहतात आणि त्यामुळे कधी कधी उशिरा सापडतात. म्हणून एखाद्या चालीविषयी मनात शंका असेल, तर मी आकडा वाढण्याची वाट पाहत बसत नाही; ती चाल स्वतः पटावर करतो, तिथून इंजिनाला विचार करू देतो आणि मग एकेक पाऊल मागे येतो. पुढे पाहिलेल्या स्थिती हॅश टेबलमध्ये (तपासलेल्या स्थितींची नोंद ठेवणाऱ्या मेमरीत) टिकून असतात, त्यामुळे मूळ स्थितीवर परतल्यावर मूल्यांकन पुष्कळदा बदललेले दिसते. माझ्या मते या इंजिनाकडून काम करून घेण्याची ही सर्वांत फलदायी रीत आहे, आणि ती मी प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रहाने शिकवतो.

त्यासाठी हॅशचा आकार मात्र पुरेसा हवा. मूळ सेटिंग अवघे १६ एमबी असते आणि लांबच्या विश्लेषणाला ते फारच अपुरे पडते. हे टेबल किती भरले, ते इंजिन ‘हॅशफुल’ नावाच्या आकड्याने हजारांशांत सांगत असते. तो झपाट्याने १००० च्या जवळ जात असेल, तर मेमरी वाढवावी. थ्रेड्सची (एकाच वेळी चालणाऱ्या शोधांची) मूळ संख्याही १ असते, तीही संगणकाच्या क्षमतेनुसार वाढवावी. २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून सर्व थ्रेड एकच टेबल वाटून घेत बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे शोध घेतात, त्यामुळे तीच स्थिती दुसऱ्यांदा तपासली तर थोडे वेगळे उत्तर येऊ शकते. हा बिघाड नव्हे.

शोध किती विचारपूर्वक घडवला आहे, हे ‘नल मूव्ह’ या युक्तीत उत्तम दिसते. एका बाजूने आपली पाळी सोडून दिली तरी तिची स्थिती भक्कम राहत असेल, तर तिथे खोल शोधण्याची गरज नाही, असे इंजिन मानते. आता पटावर फक्त चार मोहरे ठेवून पाहा : पांढरा राजा एफ५ वर, पांढरे प्यादे ई४ वर, काळा राजा डी४ वर आणि काळे प्यादे ई५ वर. ज्याची पाळी असेल, त्याला आपल्या प्याद्याची राखण सोडावी लागते आणि तो हरतो. पाळी सोडता आली असती, तर तीच सर्वोत्तम चाल ठरली असती! अशा ठिकाणी ही युक्ती साफ फसवी ठरते, म्हणून बाजूकडे राजा आणि प्यादी सोडून दुसरे काहीच उरले नसेल, तर स्टॉकफिश ती वापरतच नाही. ही एवढीशी अट सोर्स कोडमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

सुधारणा कोणत्या स्वीकारायच्या, हेही इथे कुणाच्या मतावर ठरत नाही. २०१३ पासून फिशटेस्ट या यंत्रणेत जगभरातील स्वयंसेवक आपले संगणक देतात आणि प्रत्येक नव्या कल्पनेची जुन्या आवृत्तीशी हजारो डावांची लढत होते; आधी कमी वेळाचे डाव, त्यात टिकली तर जास्त वेळाचे. छाटणीच्या सूत्रातला एखादा अंक बदलण्यासाठीसुद्धा ही कसोटी चुकत नाही. २०२० च्या बाराव्या आवृत्तीत मूल्यांकनासाठी न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकलेली गणिती रचना) आले, तेव्हा सारे श्रेय त्यालाच मिळाले. पण त्या नेटवर्कला योग्य स्थितीपर्यंत नेऊन पोहोचवते ती ही वर्षानुवर्षे घासूनपुसून घेतलेली शोधपद्धती, असे माझे ठाम मत आहे.

मुलांना शिकवताना मी ‘मल्टीपीव्ही’ (एका वेळी किती सर्वोत्तम चाली दाखवायच्या, ते सेटिंग) ३ ठेवतो. त्यामुळे शोध मंदावतो हे खरे, पण एकच चाल वाचवते आहे की तिन्ही सारख्याच चांगल्या आहेत, हे कळते, आणि शिकणाऱ्याला तेच हवे असते. मूल्यांकनाच्या आकड्याविषयीही त्यांना सांगावे लागते : २०२२ च्या अखेरीस आलेल्या १५.१ आवृत्तीपासून अधिक १.०० म्हणजे एका प्याद्याची आघाडी नव्हे, तर इंजिनांच्या आपसांतल्या लढतीत जिंकण्याची निम्मी शक्यता. शाळकरी मुलांच्या डावात तेवढ्या आघाडीवर विसंबून चालत नाही.

अंतिम टप्प्यासाठी सिझिजी टेबलबेस, म्हणजे थोडेच मोहरे उरलेल्या स्थितींची आधीच काढून ठेवलेली अचूक उत्तरे, जोडण्याची शिफारस मी नक्की करेन. पाच मोहऱ्यांपर्यंतच्या फाइली सुमारे १ जीबीत मावतात आणि घरगुती वापराला तेवढ्या पुरतात. सहा मोहऱ्यांच्या फाइलींना आणखी सुमारे १५० जीबी जागा लागते आणि त्या ठेवायच्याच असतील, तर जलद एसएसडीवरच ठेवाव्यात, कारण फिरत्या डिस्कवर वाचनाला लागणारा वेळ शोधाचा वेग खाऊन टाकतो.