आखडलेलं तोंड उघडायला काय घ्यावं: यंत्र, माउथ गॅग की लाकडी पट्ट्या?

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) झाला की पेशंटला घरी पाठवताना ‘तोंड उघडायचा व्यायाम करा’ असं सांगतात. कशाने करायचा, हे बहुतेक वेळा घरच्यांनाच शोधावं लागतं. पुण्यात तीन गोष्टी हाताशी येतात. डॉक्टर जीभ दाबायला वापरतात त्या लाकडी पट्ट्या सदाशिव पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानांत मिळतात. दातांच्या साहित्याच्या दुकानात स्टीलचा माउथ गॅग मिळतो. तिसरं म्हणजे मुद्दाम मागवावं लागणारं, हाताने दाबायचं थेराबाइट यंत्र. आमचा कौल पट्ट्यांना आहे.

यंत्राचा बोलबाला झाला तो बुकबाइंडर आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या शोधनिबंधामुळे. शेक घेतलेल्या २१ पेशंटचे तीन गट केले होते आणि १० आठवडे मापं घेतली होती. यंत्राच्या गटात तोंड सरासरी १३.६ मिलिमीटर जास्त उघडलं, नुसत्या व्यायामाने ६ आणि पट्ट्यांनी ४.४. आकडे डोळ्यांत भरतात. पण २१ जण तीन गटांत वाटले की एकेका गटात उरतात किती? म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण एवढ्यावर हजारो रुपये घालू नयेत. पुढे २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने यंत्र आणि पट्ट्यांची थेट तुलना केली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही.

मापासाठी धरायचा आकडा डाइकस्ट्रा आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या कामातला आहे: ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे तोंड आखडलं. वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत, दर वेळी त्याच दोन दातांमध्ये, मिलिमीटरच्या पट्टीने मोजायचं. ‘तीन बोटं जातात’ हे ढोबळ माप झालं, बोटं सगळ्यांची सारखी नसतात. गुटखा-सुपारीने ज्यांचं तोंड आधीच आवळलेलं असतं, त्यांचं माप उपचार सुरू होण्याआधीच लिहून ठेवायला हवं. नाहीतर शेकाने किती गेलं आणि सुपारीने किती, हे नंतर कळत नाही.

लाकडी पट्टी साधारण १.६ मिलिमीटर जाड असते, म्हणजे २२ पट्ट्यांचा गठ्ठा ३५ मिलिमीटरच्या आसपास जातो. डब्यागणिक जाडी बदलते, तेव्हा १० पट्ट्या एकत्र धरून एकदा मोजून घ्या. सहज बसतील तेवढ्या पट्ट्यांचा गठ्ठा करून टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. गठ्ठा पुढच्या दातांत न धरता शक्यतो दाढांच्या बाजूने सरकवा, मग मधोमध एक पट्टी हळूच आत ढकला. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. ३० सेकंद धरा, सोडा, असं पाच वेळा, दिवसातून पाचदा. पट्ट्या ओल्या झाल्या की फुगतात आणि त्यांच्या कडांचे तंतू सुटतात. शेकाने नाजूक झालेल्या हिरडीला ते टोचतात, म्हणून गठ्ठा रोज नवा बांधा. अप्पा बळवंत चौकात प्रोजेक्टसाठी मिळणाऱ्या रंगीत आइसक्रीम काड्या स्वस्त असल्या तरी तोंडात घालायच्या नाहीत.

स्टीलचा माउथ गॅग घरी अजिबात नको. भूल दिलेल्या पेशंटचं तोंड उघडून धरायला तो बनवला आहे. स्क्रू फिरवला की सगळा जोर एक-दोन दातांवर येतो, आणि शेकानंतर दात हलला किंवा तुटला तर तो काढणं जबड्याच्या हाडासाठी धोक्याचं असतं.

मग यंत्र कुणी घ्यावं? पुढचे दात हलत असतील किंवा नसतीलच, हात थरथरत असतील, तर ते खरंच सोयीचं. त्याचे दातांवर टेकणारे मुखपट्टे जोर एकाच दातावर न टाकता बऱ्याच दातांवर पसरवतात, आणि उघडताना ते जबड्याच्या नैसर्गिक वळणाने चालतं. गठ्ठ्याला हे जमत नाही. जबड्यात धातूची प्लेट असेल किंवा फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातलं मांस-कातडी) लावलेला असेल, तर कुठलंही साधन सर्जनला विचारूनच सुरू करा.

सगळ्यात जास्त नुकसान साधनाने नाही, खंड पडल्याने होतं. शेकाने स्नायूंत तयार होणारे घट्ट तंतू शेक संपल्यावरही महिनोन्‌महिने वाढत राहतात. तोंडात छाले असतात तेव्हा पेशंट व्यायाम सोडतो, हे समजण्यासारखं आहे. त्या दिवसांत पट्ट्या बाजूला ठेवून नुसतं तोंड उघड-मिट करणं चालू ठेवावं आणि छाले भरले की गठ्ठ्याकडे परतावं. आठवड्यातून एकदा माप वहीत लिहा. नियमित व्यायाम चालू असूनही माप अचानक घसरलं, किंवा जबड्यात नवी कळ सुरू झाली, तर पट्ट्या वाढवू नका. जंतुसंसर्ग, हाड सडणं किंवा आजार उलटणं, यातलं काहीही असू शकतं. पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा आणि वही सोबत न्या.