समविभव रेषांचा पाण्याचा संच: घ्यावा, पण बॅटरी एलिमिनेटर बाजूला ठेवून

प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानात ‘समविभव रेषा संच’ (समविभव रेषा म्हणजे सारखाच विभव असलेले बिंदू जोडणारी रेषा) म्हणून जो पाण्याचा ट्रे मिळतो, त्यात साधारण एवढं सामान असतं: पारदर्शक ॲक्रिलिकचा ट्रे, तळाला चिकटवलेला सेंटिमीटरचा आलेखकागद, 15 सेंमी लांबीच्या दोन धातूच्या पट्ट्या, एक पितळी कडं, स्वस्तातला डिजिटल मल्टिमीटर आणि बॅटरी एलिमिनेटर, म्हणजे घरच्या विजेपासून कमी व्होल्टचा डीसी देणारा डबा. समांतर पट्ट्यांमधलं विद्युत क्षेत्र एकसमान असतं, हे बारावीच्या मुलांना पाठ असतं. या ट्रेमध्ये ते मोजून दिसतं, म्हणून संच घेण्यासारखा आहे. मात्र आहे तसा जोडला तर आकडे चुकतात, आणि चूक मुलांच्या माथी मारली जाते.

पाणी कशाला, हा प्रश्न मुलं विचारतातच. पट्ट्यांवरच्या स्थिर प्रभाराचं विभव साध्या मीटरने मोजता येत नाही. मीटर लावला की प्रभार त्यातूनच वाहून जातो. पाण्यातून थोडा प्रवाह चालू ठेवला की पट्ट्यांमध्ये विभवाची वाटणी स्थिर प्रभारासारखीच होते आणि ती निवांत मोजता येते.

पाणी नळाचंच घ्या, खोली 8 मिमी. स्वच्छ म्हणून डिस्टिल्ड पाणी घातलं की घोटाळा होतो. नळाच्या पाण्यात पट्ट्यांमधला रोध एक-दोन किलोओहम असतो, मीटरचा स्वतःचा डीसीवर सुमारे 1 मेगाओहम. त्यामुळे मीटर लावल्याने काही बिघडत नाही. डिस्टिल्ड पाण्याचा रोध काही लाख ओहमवर जातो आणि मीटर स्वतःच विभव खाली ओढतो.

आता मुख्य तक्रार. एलिमिनेटरमधून 10 व्होल्ट डीसी दिले आणि पट्ट्या 10 सेंमीवर ठेवल्या, तर मधल्या 8 सेंमीत 8 व्होल्ट पडायला हवेत. पडतात सहा-साडेसहा. राहिलेले व्होल्ट पट्ट्यांना खेटूनच संपतात, कारण तिथे पाण्याचं विघटन चालू होतं. पट्टीवर बारीक बुडबुडे दिसतात ते त्याचेच. अंतर आणि विभव यांच्या आलेखाची रेषा सरळ येते, पण शून्यातून जात नाही आणि तिचा उतार कमी भरतो. माहितीपत्रकात मात्र व्होल्टेज भागिले अंतर करून 1 व्होल्ट प्रति सेंमी हेच उत्तर छापलेलं असतं. ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या असतील तर ऑक्साइडच्या थरामुळे हाल आणखी वाढतात. पट्ट्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या मागून घ्या.

उपाय म्हणजे 9 व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर. 50 हर्ट्झच्या एसीवर पट्ट्यांजवळचा हा तोटा जवळजवळ नाहीसा होतो. हलक्या भारावर, म्हणजे थोडाच प्रवाह घेतला तर, 9 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर 10-11 व्होल्टही दाखवतो, म्हणून छापील आकडा धरू नका. पट्ट्यांवर मोजून घ्या. संचातल्या मीटरवर एसीचा सर्वांत लहान रेंज 200 व्होल्टचा असतो, म्हणजे वाचन 0.1 व्होल्टपर्यंतच. या कामाला तेवढं पुरतं. ट्रेला घरातल्या 230 व्होल्टच्या सॉकेटची जोडणी कधीही करू नये.

डीसी पूर्ण टाकून देऊ नका, कारण चिन्ह फक्त डीसीवर दिसतं. मीटरची काळी लीड (वायर) ऋण पट्टीवर ठेवून मोजा, मग तीच ट्रेच्या मध्यावर आणा. एका बाजूची वाचनं उणे होतात, पण 3 आणि 7 सेंमीच्या खुणांमधला फरक तेवढाच राहतो. विभवाचा शून्य आपण ठरवतो आणि मोजता येतो तो विभवांतर, हे नववीतल्या धाराविद्युतपासून अडलेलं कोडं इथे पाच मिनिटांत सुटतं. संचाची अर्धी किंमत इथेच वसूल होते.

वाचन घेताना प्रोब, म्हणजे मीटरच्या लीडचं टोकदार टोक, उभा धरा. 8 मिमी पाण्यात तो 45 अंशांत कलला तर बुडालेला भाग आडवा 8 मिमी पसरतो आणि वाचन पाव-अर्ध्या व्होल्टने हलतं. अंतर पट्टीच्या आतल्या कडेपासून मोजा. आणि ट्रे समपातळीत हवा, हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नसतं. एका टोकाला पाणी 8 मिमी आणि दुसऱ्या टोकाला 6 मिमी असलं, तर उथळ बाजूचं क्षेत्र खोल बाजूच्या 1.33 पट होतं, कारण तोच प्रवाह अरुंद वाटेने जातो. मग ‘एकसमान’ कसलं? गवंड्याकडचं पाणसळ ठेवून ट्रेच्या तळाखाली कागदाच्या घड्या घाला.

पट्ट्या ट्रेपेक्षा अरुंद असल्यामुळे टोकांपाशी समविभव रेषा बाहेर फुगतात. हे संचाचं न्यून नाही, कडेचा परिणाम आहे. मुलांना जरूर काढू द्या. पट्ट्या ट्रेच्या भिंतींना टेकल्या तर तो दिसणारच नाही.

एक गोष्ट संचात नसते, ती स्वतः करा. दोन टाचण्या 1 सेंमी अंतराने जाड थर्मोकोलच्या तुकड्यातून आरपार टोचा आणि त्यांना मीटरच्या दोन्ही लीड जोडा. ट्रेच्या मध्यावर ती जोडी हळूहळू फिरवा. क्षेत्राच्या दिशेत वाचन सर्वांत जास्त, समजा 1.0 व्होल्ट; 60 अंश वळवली की 0.5, काटकोनात शून्य. क्षेत्र म्हणजे विभवाचा उतार, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणं अवघड आहे. आकडा व्होल्ट प्रति सेंमीत मिळतो; 100 ने गुणलं की व्होल्ट प्रति मीटर, तेच न्यूटन प्रति कूलोम.

पितळी कड्याचा प्रयोगही एसीवरच करा. कडं मध्यावर ठेवलं की आत कुठेही प्रोब टाका, वाचन पट्ट्यांमधल्या व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास सारखंच येतं. डीसीवर कड्याच्या पृष्ठभागावरही तोच अडथळा येतो आणि आतलं क्षेत्र पूर्ण शून्य होत नाही.

घेताना पट्ट्यांचे टर्मिनल हलवून बघा, ढिले असले की वाचन नाचतं. काम झालं की पाणी ओतून पट्ट्या पुसून ठेवा. पितळेवर हिरवट थर बसला तर पुढच्या वेळी बारीक पॉलिश पेपरने घासल्याशिवाय मोजायला घेऊ नका.