विश्वाच्या कथेपासून माटोळीपर्यंत : फोंडा तालुक्यातील एका मॉन्टेसरी प्राथमिक वर्गाचे परीक्षण

मॉन्टेसरी म्हणजे बालवाडी, असा समज गोव्यातही पक्का आहे. त्यामुळे सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी याच पद्धतीचा वर्ग आहे, हे ऐकून पुष्कळ पालक बुचकळ्यात पडतात. वास्तविक या प्राथमिक टप्प्याची जडणघडण बरीचशी भारतातच झाली. या पद्धतीच्या जनक मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला आल्या, युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या आणि कोडाईकनालच्या मुक्कामात पुत्र मारिओ यांच्यासह त्यांनी 'कॉस्मिक एज्युकेशन'चा, म्हणजे सारे विषय विश्वाच्या एकाच कथेत गुंफून शिकवण्याचा, विचार विस्ताराने मांडला. आमची मुले ज्या शाळेत शिकतात तिथे हा विचार बऱ्याच निष्ठेने राबवला जातो. पुढे काही उणिवाही मांडायच्या असल्याने शाळेचे नाव देणे टाळले आहे.

विश्व, सजीवसृष्टी, माणूस, लिपी आणि अंक यांच्या पाच कथा हा या अभ्यासक्रमाचा कणा असून विज्ञान, इतिहास, भूगोल हे सारे विषय त्यांतूनच फुटत जातात. वेळापत्रकात विषयवार तास नाहीत. पृथ्वीचे ४६० कोटी वर्षांचे वय बारा तासांच्या घड्याळावर बसवण्याचे काम हाती आले, तेव्हा एका सेकंदाला सुमारे एक लाख सहा हजार वर्षे येतात, हा भागाकार मुलांनीच केला. तीन लाख वर्षांच्या आधुनिक माणसाच्या वाट्याला जेमतेम तीन सेकंद आले, यावर वर्गात बराच वाद रंगला. मोठ्या संख्यांचा सराव इतक्या आपसूक होताना मी अन्यत्र पाहिलेला नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो चतुर्थीच्या आधीचा माटोळीचा पाठ. गणपतीच्या मूर्तीवर टांगायच्या लाकडी चौकटीला सुपारीचे घोस, नारळ, तोरिंजन, आंबाडे, कांगलां असे जे जे बांधले जाते ते मुलांनी घरून आणि रानातून गोळा केले; मग फळांचे प्रकार, बियांचा प्रसार, पानांच्या कडा आणि शिरा यांनुसार त्याची वर्गवारी केली; आणि शेवटी यातले काय कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागायतीत) पिकते, काय फक्त रानात मिळते व काय आता बाजारातूनच आणावे लागते, अशी नोंद तयार झाली. सणाचा हस्तकलेपुरता वापर करण्याची शाळांची जुनी खोड इथे दिसली नाही. वनस्पतिशास्त्र आणि संस्कृती एकाच चौकटीला बांधलेली होती. खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचा, पाठही असाच जमला होता. भरतीच्या दाबाने मानशीची (बांधातल्या पाणीदाराची) दारे मिटतात, ओहोटीला उघडतात आणि खाऱ्या जमिनीत कोरगूट भात तग धरतो, हे समजून घेताना बांधांची देखभाल करणाऱ्या गावकारीपर्यंत (गावाच्या सामूहिक संस्थेपर्यंत) मुले आपोआप पोहोचली.

माणसाच्या इतिहासाचा कालपट मात्र निराशा करतो. भिंतीवरचा छापील तक्ता युरोपातल्या गुहाचित्रांवर रेंगाळतो. आपल्याच राज्यात, सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर कोरलेले बैल, हरणे आणि वर्तुळाकार चक्रव्यूह आहेत, ते १९९३ मध्ये प्रकाशात आले, याचा त्यावर उल्लेखही नाही. मुलांनी स्वतः ठरवून बाहेर अभ्यासाला जावे, ही या पद्धतीची अपेक्षा असताना तिथे एकही फेरी निघू नये, हे पटत नाही. प्रयोगांचेही तेच : ज्वालामुखीचे प्रात्यक्षिक थाटात होते, पण मोजमाप, पुनरावृत्ती आणि निष्कर्ष लिहून ठेवणे यांचा आग्रह कमी पडतो. शिवाय कथा केवळ इंग्रजीतून सांगितल्या जातात; घरी मराठी किंवा कोंकणी बोलणारी सहा वर्षांची मुले पहिल्या सत्रात चित्रांवरच विसंबून राहतात. शिक्षिकांनी तीच कथा मराठीतही सांगावी, ही पालकांची सूचना शाळेने अजून मनावर घेतलेली नाही.

शुल्क आसपासच्या अनुदानित शाळांपेक्षा बरेच जास्त आहे. गुणपत्रिकेऐवजी वर्णनात्मक नोंदी मिळतात. त्या प्रेमळ असतात, परंतु मूल कशात मागे आहे, हे त्यांतून नेमके कळत नाही आणि शिक्षिकेला वेगळे गाठून विचारावे लागते. बारावे वर्ष संपल्यावर मुलांना नेहमीच्या शाळेत जायचे असल्यामुळे ही माहिती पालकांना वेळेवर मिळायला हवी. प्रवेशाचा विचार करणाऱ्यांनी माहितीपत्रकावर न थांबता सकाळच्या कामाच्या सलग वेळेत वर्गात बसण्याची परवानगी मागावी. शाळा ती देते, आणि जमल्यास चतुर्थीच्या आधीचा आठवडा निवडावा.